निळ्या गाडीतला चौदा नंबरचा पाना

माझी आत्या बत्तीस वर्षं इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. तिचं मुख्य काम मोजण्याचं. ऑपरेशन सुरू होण्याआधी कात्र्या किती, चिमटे किती, सुया किती, रक्त टिपायच्या घड्या किती, हे मोठ्याने मोजायचं आणि भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचं. पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायचं. आकडा जुळला नाही तर समोरचा सर्जन कितीही मोठा असो, त्याने सुई खाली ठेवायची. एकदा एक घडी कमी भरली. सर्जन म्हणाले, "सिस्टर, तुमचीच मोजण्यात चूक झाली असेल. मला पुढचं ऑपरेशन आहे." आत्या म्हणाली, "असेल माझी चूक. पण सापडेपर्यंत कुणी टाका घालायचा नाही." वीस मिनिटं सगळे शोधत राहिले. घडी सर्जनच्याच चपलेच्या तळाला चिकटलेली निघाली. तेव्हापासून तिच्यापुढे घाई करायची कुणाची टाप नव्हती.

निवृत्त झाली त्या महिन्यात तिने घरात जाहीर केलं, "मी गाडी घेणार आहे. स्पोर्ट्स कार. दोन सीटची."

बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्यांच्या हातातला पेपर खाली आला. "ताई, दोनच सीट? मग आम्ही कुठे बसायचं?"

"तुम्ही बसने या," आत्या म्हणाली. "आयुष्यभर स्ट्रेचरवर घालून लोकांना इकडून तिकडे नेलं. आता मागे कुणी नको."

गाडी चालवायला ती तरुणपणी शिकली होती, रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरकडून, इस्पितळाच्या मागच्या आवारात. त्यामुळे तिला भीती कशाचीच नव्हती. नवी गाडी परवडणारी नव्हती, म्हणून तिने सहा वर्षं वापरलेली घेतली. पण घेतली ती कंपनीच्या अधिकृत शोरूममधूनच. ते जुन्या गाड्याही तपासून विकायचे, एका वर्षाची वॉरंटी द्यायचे. गाडी गडद निळी, बसकी, जमिनीला टेकल्यासारखी. आत शिरताना आत्याला आधी डोकं, मग कंबर, मग एकेक पाय असं हप्त्याहप्त्याने जावं लागायचं. पण एकदा का आत बसली आणि इंजिन सुरू झालं की तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. घरात त्या गाडीचं नाव 'निळी' पडलं.

चार महिने निळी सुतासारखी सरळ चालली. मग उभी असायची तिथे जमिनीवर थेंब दिसायला लागले. आत्याने गाडी शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला दिली. पाण्याचा पंप गळतोय, वॉरंटीत बसतं, असं सांगून त्यांनी तो बदलला आणि दुसऱ्या दिवशी गाडी धुऊनपुसून परत दिली. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

गाडी घेऊन घरी येताना पहिल्याच डाव्या वळणावर आत्याला आवाज आला. टक्. मग उजव्या वळणावर, टक्. सरळ रस्त्यावर काही नाही.

ती तिथूनच गाडी वळवून परत गेली. सर्व्हिसच्या काउंटरवर एक तरुण असायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचा टाय. आत्या त्याला टायवालाच म्हणायची. तो गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरच्या आवारातच एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "मॅडम, काही आवाज नाही."

"वळवलीत का?"

"वळवली ना. कसंय मॅडम, स्पोर्ट्स कार आहे. तिचं सस्पेन्शन कडक असतं. हा गाडीचा स्वभाव आहे."

"काल सकाळपर्यंत हा स्वभाव नव्हता."

टायवाला हसला. लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसं. त्याने कागदावर लिहून दिलं: तपासले, दोष आढळला नाही.

आठ दिवसांनी ती पुन्हा गेली. या वेळी बाबांना सोबत नेलं, म्हणजे आवाज ऐकणारे चार कान झाले. तर टायवाला सगळं बाबांनाच समजावत बसला. "साहेब, बघा, मॅडमना जरा सवय नसेल अशा गाडीची. वयोमानाने काय होतं, लहान आवाज मोठे वाटतात." बाबा बिचारे मान डोलवत राहिले. त्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही. आत्याने हात पुढे करून टायवाल्याच्या डोळ्यांसमोर चुटकी वाजवली. "गाडी माझी आहे. कान माझे आहेत. इकडे बघून बोला."

पुन्हा कागद. तपासले, दोष आढळला नाही.

तिसऱ्या वेळेला मी तिच्याबरोबर होते. तिने काउंटरवर सरळ विचारलं, "पंप बदलताना जे उघडलं होतं, ते पुन्हा उघडून बघितलं का?"

"त्याची गरज नाही वाटली मॅडम."

"मग 'तपासले' असं कशाच्या जोरावर लिहिता?"

"ते सिस्टममध्ये आपोआप येतं."

परतताना वळणावर टक् झालं की आत्या फक्त माझ्याकडे बघायची. घरी येऊन तिने तिन्ही कागद टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाली, "न बघता सही केली यांनी. एकदा नाही, तीनदा. आमच्याकडे असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी बाईने अंगावरचा गणवेश उतरवून घरी जायचं." तिचा आवाज चढला नव्हता, पण कपाळावरची शीर उठली होती. बाबा म्हणाले, "ताई, एवढ्याशा आवाजासाठी कशाला जिवाला लावून घेतेस?" त्यावर ती त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

पुढे महिनाभराने ती शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर एकटीच निघाली होती. अचानक इंजिनाच्या तापमानाचा काटा सरकन वर गेला. तिने त्याच क्षणी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि पर्समधल्या छोट्या वहीत वेळ लिहिली: अकरा चाळीस. बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती. तिने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला, दीड तास उन्हात उभी राहिली, आणि क्रेनवर चढलेल्या निळीच्या मागोमाग रिक्षाने सर्व्हिस सेंटरला गेली.

चौथ्या दिवशी टायवाल्याचा फोन आला. इंजिनाचं हेड गॅस्केट गेलंय, काम मोठं आहे, आणि ते वॉरंटीत बसणार नाही.

"का नाही?"

"काटा लाल झाल्यावरही गाडी चालवत राहिल्याने इंजिन तापलं. ही मालकाची हयगय होते."

"मी अकरा चाळीसला गाडी बंद केली. काटा वर गेला त्याच मिनिटाला."

"तसं आमचा रिपोर्ट म्हणत नाही मॅडम."

"पाणी गेलं कुठून, ते रिपोर्ट म्हणतो का?"

तिकडे थोडा वेळ कागदांचा आवाज आला. मग तो म्हणाला, "जुनी गाडी आहे. पाइप फाटतात."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्यासमोर तिने फोन ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाली, "चल. तिला तिथून सोडवून आणू."

सर्व्हिस सेंटरवाले गाडी द्यायला तयार नव्हते. काम अर्धवट राहील, वॉरंटी संपेल, जबाबदारी तुमची, असं सगळं सांगून झालं. आत्याने लागतील तेवढ्या सह्या केल्या. प्रत्येक सहीआधी अख्खा कागद वाचला; टायवाला उभ्याउभ्या या पायावरून त्या पायावर होत होता. क्रेन बोलावून निळी आमच्या गल्लीच्या टोकाच्या गॅरेजमध्ये आणली.

त्या गॅरेजचे मिस्त्री म्हणजे साठीचा, कमी बोलणारा माणूस. ट्रक, पंप, रिक्षा, जे येईल ते दुरुस्त करायचे. स्पोर्ट्स कार बघून त्यांनी आधी हात धुतले. मग गाडी वर उचलली, खाली वाकले आणि इंजिनाखालचं प्लास्टिकचं झाकण सोडवायला लागले. चार स्क्रू निघाले. पाचवा निघाला तसं झाकण एका बाजूने लोंबलं, आणि आतून काहीतरी जड घरंगळत येऊन सिमेंटच्या जमिनीवर आदळलं. टण्ण.

तो एक पाना होता. दांड्याचा, कर्रकर्र आवाज करत फिरणारा, रॅचेट म्हणतात तो. दांड्यावर पिवळ्या रंगाचा पट्टा आणि पट्ट्यावर काळ्या शाईत आकडा: १४.

मिस्त्रींनी तो उचलायला हात पुढे केला. "हात लावू नका," आत्या म्हणाली. ते गपकन थांबले. तिने आधी फोटो काढले, मग वहीत वेळ लिहिली, मग मला आणि मिस्त्रींना त्याखाली सह्या करायला लावल्या. मिस्त्रींनी टॉर्च मारून दाखवलं. पाना इतके दिवस झाकणावर पडून होता. वळणावर इकडून तिकडे सरकायचा. शेवटी पाण्याच्या खालच्या पाइपाला टेकून अडकला, आणि इंजिनाच्या थरथरीने दांड्याच्या कडेने पाइप घासत घासत कापला. कापल्याची जागा दांड्याच्या कडेशी तंतोतंत जुळत होती.

"सहज नजरेला पडला असता," मिस्त्री म्हणाले. "पाच स्क्रू फक्त."

आत्या खाली लाकडी स्टुलावर बसली. मला वाटलं चक्कर येतेय. पण ती म्हणाली, "यांनी पोट शिवलं आणि कात्री आत ठेवली. आणि मी दुखतंय म्हणून तीनदा गेले तर मला म्हणाले, हा स्वभाव आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पाना प्लास्टिकच्या पिशवीत घालून सर्व्हिस सेंटरला गेलो. या वेळी टायवाल्याने लगेच मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने आम्हाला थंडगार केबिनमध्ये बसवलं, पाणी मागवलं. फोटो बघितले. पिशवीतला पाना टेबलावर आला तेव्हा त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, आणि लगेच सावरला.

"मॅडम, हा आधीच्या मालकाचाही असू शकतो."

"पिवळा पट्टा आणि आकडा तुमच्या पान्यांवर असतो. काचेतून दिसतोय तिकडे."

"असेल. तरी सिद्ध काय होतं? बरं, आपण असं करू. सदिच्छा म्हणून पुढच्या दोन सर्व्हिस आमच्याकडून. आणि…" त्यांनी पिशवीकडे हात केला, "तो पाना आमच्याकडे जमा करून टाका. आमचं टूल आहे ते."

मी आत्याकडे बघितलं. तिच्या ओठांची रेघ झाली होती.

"आत्ता आधीच्या मालकाचा होता," ती म्हणाली. "आता तुमचा झाला?"

मॅनेजर कुणाला तरी फोन लावतो म्हणून बाहेर गेले. पंधरा मिनिटं आलेच नाहीत. आत्या उठली. वर्कशॉपमध्ये ग्राहकांना मनाई होती, पण बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात टूलरूमची, म्हणजे हत्यारांच्या स्टोअरची, खिडकी उघडत होती. खिडकीतून मेकॅनिक हत्यारं घेऊन जायचे, आणून द्यायचे. आत पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या, मागे भिंतभर फळी, फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काढलेली आणि त्यात ते ते हत्यार टांगलेलं. चौदा नंबरच्या जागेवरही पाना होता. नवा कोरा, पट्टासुद्धा ताजा.

आत्या खिडकीशी थांबली. "बाई, एक विचारू? चौदा नंबर नवा कधी आणला?"

स्टोअरच्या त्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "का?"

आत्याने पिशवी वर धरली.

बाईंनी ड्रॉवरमधून एक जाड रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि खिडकीच्या फळीवर आमच्याकडे तोंड करून ठेवलं. पंप बदलला त्याच तारखेला, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'चौदा नंबर परत आला नाही. शेवटचं काम दोन सीटची निळी गाडी. गाडी उघडून बघावी, असे सुपरवायझरना सांगितले.' शेजारी सुपरवायझरची सही.

"मी संध्याकाळी रोज मोजते," बाई म्हणाल्या. "मी तेव्हाच सांगितलं होतं. ते म्हणाले, गाडी धुऊन झालीय, गिऱ्हाईक यायच्या वेळेला आता कोण खोलत बसणार, नवा पाना मागवा."

"फोटो काढू का याचा?"

"काढा. लपवायला लिहिलेलं नाही ते."

मला वाटलं होतं, आत्याला पुरावा मिळाल्याचा आनंद होईल. उलट केबिनमध्ये परत आल्यावर ती खुर्चीवर बसलीच नाही. चूक कुणाच्याही हातून होते, तिच्याही झाल्या असतील. पण यांना माहीत होतं. कुठल्या दिवशी हरवला, कुठल्या गाडीत राहिला, सगळं माहीत होतं. तरी एक माणूस तिला तीन वेळा लिहून देत होता की दोष नाही, आणि वर वयोमान काढत होता. मॅनेजर परत आल्यावर तिने फोटो दाखवला आणि दोनच गोष्टी मागितल्या. इंजिन दुरुस्त करून द्या. आणि ते तीन कागद दुरुस्त करा. त्यावर लिहा की न तपासता सही केली.

दहा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. जाड कागद, वर चकचकीत चिन्ह. इंजिनाचं सगळं काम मोफत. झालेल्या त्रासाबद्दल मनःपूर्वक दिलगिरी. आणि पुढे: सदर प्रकार टूलरूममधील कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे घडला असून संबंधितांवर कारवाई करण्यात येत आहे.

बाबा खूश झाले. "चला, सुटला एकदाचा प्रश्न! ताई, माफीसुद्धा मागितली बघ त्यांनी."

आत्याने पत्र दुसऱ्यांदा वाचलं. मग तिसऱ्यांदा. "टूलरूममधील कर्मचारी," ती म्हणाली. "अख्ख्या इमारतीत मोजणारी एकच बाई होती, आणि यांनी खापर तिच्याच डोक्यावर फोडलं."

"अगं, पण तुझं काम झालं ना?"

"तिचं झालं का?"

ती पत्र घेऊन मॅनेजरकडे गेली आणि त्यांच्या टेबलावर ठेवून आली. मॅनेजर म्हणाले, "तुम्हाला माफी हवी होती, आम्ही दिली. आता काय हवंय?" आत्या म्हणाली, "ही माफी तुम्ही त्या बाईच्या खिशातून दिलीत. तुमच्या खिशातली आणा." आणि दुरुस्तीला नकार देऊन ग्राहकांच्या तक्रार कार्यालयात अर्ज टाकला.

पाच महिने गेले. निळी मिस्त्रींच्या छपराखाली ताडपत्री पांघरून उभी. सुनावणीच्या तीन तारखा पडल्या. पहिल्या दोन वेळेला कंपनीचा वकील आजारी. तिसऱ्या वेळेला तो आला आणि म्हणाला की या वयाच्या महिलेने असं वेगवान वाहन चालवणं हाच मुळात धोका आहे. समोर बसलेल्या अधिकारी बाईंनी मान वर करून विचारलं, "पाना त्यांच्या वयामुळे आत राहिला का?" मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

स्टोअरच्या बाई साक्षीला आल्या होत्या, मूळ रजिस्टर काखेत धरून. कंपनीने येऊ नका असं सुचवलं होतं, तरी आल्या. सुपरवायझरला विचारलं, ही सही तुमची का? तो म्हणाला, "माझीच आहे. पण मी दिवसाला शंभर सह्या करतो. वाचत बसलो तर कामं कशी व्हायची?"

आत्या उठून उभी राहिली. तिला बोलायला सांगितलं नव्हतं. "नका करू मग," ती म्हणाली. "हात आखडतो का न केल्याने? उद्या तुमच्या घरातलं माणूस कुणाच्या सहीवर विसंबून ऑपरेशनच्या टेबलावर झोपेल, तेव्हा त्यानेही वाचलेलं नसलं तर चालेल तुम्हाला?" अधिकारी बाईंनी तिला बसायला सांगितलं, पण सावकाश, तिचं बोलून झाल्यावर.

निकाल आत्याच्या बाजूने लागला. दुरुस्ती मिस्त्रींकडे, कंपनीच्या खर्चाने. तिन्ही कागद रद्द. टूलरूमने वेळेवर कळवलं होतं, हे निकालात स्पष्ट शब्दांत आलं. निळी पुन्हा चालायला लागली, वळणांवर मुकाट. आत्या आता तिला फक्त मिस्त्रींकडे नेते.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. टायवाल्याला बढती मिळून तो मोठ्या शोरूमला गेला. सुपरवायझर तिथेच आहे. स्टोअरच्या बाईंना काढता आलं नाही, निकालात त्यांचं काम नोंदलं होतं ना; पण त्यांचं टेबल जिन्याखाली हलवलं, आणि दुपारच्या जेवणाला त्यांच्याशेजारी कुणी बसत नाही. दर रविवारी त्यांचा आणि आत्याचा फोन असतो, तासभर. काय बोलतात कोण जाणे, पण दोघींचेही आवाज तापलेले असतात.

परवा मी आत्याला म्हटलं, "जिंकलीस ना? आता तरी सोड."

ती टेबलाशी लिहीत बसली होती. कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ती दर महिन्याला एक पत्र पाठवते. त्यात एकच प्रश्न असतो: गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी हत्यारं मोजायची पद्धत तुम्ही सुरू केलीत का? आजवर एकाही पत्राला उत्तर आलेलं नाही.

"हे कितवं?" मी विचारलं.

"अकरावं," ती म्हणाली, आणि पाकिटाला डिंक लावून ते मुठीने दाबून चिकटवलं.